हेलिओग्राफ म्हणजे नेमकं काय? आरशाच्या कवडशाने निरोप पाठवायची युक्ती, सोप्या भाषेत

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. पितळी स्टँडवर गोल आरसा, मागे स्क्रू, पुढे एक आडवी दांडी, आणि खाली मजकूर "इंग्रजांच्या काळातला सोलर टेलिफोन, सेल नाही वायर नाही तरी पन्नास मैल बोलायचे". लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं की हे सरळ सरळ फेक आहे, दुसऱ्यांचं म्हणणं की यात काय विशेष, आपल्या किल्ल्यांवर हे आधीपासून होतंच. आणि योगायोग बघा, त्याच रविवारी मी भाचीला घेऊन जुन्या बाजारात गेलो होतो तर तिथे एका ताडपत्रीवर जुनी कुलपं, कंदील, ग्रामोफोनचे कर्णे यांच्या मधोमध अगदी तसाच पीस ठेवलेला. भाची सातवीत आहे, तिने विचारलं, "मामा, आरशातून बोलायचं म्हणजे कसं?" तिला तिथे उभ्या उभ्या जे सांगितलं तेच आता नीट लिहून काढतोय, कारण वस्तू खरी आहे, फक्त टेलिफोन नाही. तिचं नाव हेलिओग्राफ. ग्रीकमध्ये हेलिओस म्हणजे सूर्य आणि ग्राफ म्हणजे लिहिणं, उन्हाने लिहायचं यंत्र.

आधी कवडसा समजून घेऊ

आरसा उन्हात धरून समोरच्या घरात कवडसा पाडायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय आणि त्यावरून ओरडाही खाल्लाय. हेलिओग्राफ म्हणजे तोच कवडसा, फक्त तो समोरच्या खिडकीऐवजी वीस, तीस, पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरावर नेमका पाडायचा.

यात एक गंमत आहे जी घरी करून बघता येते. छोटा चौकोनी आरसा घ्या. जवळच्या भिंतीवर कवडसा चौकोनी पडतो, पण समोरच्या बिल्डिंगवर पाडलात तर तो गोल होतो. आरसा चौकोनीच आहे, मग गोल का? कारण सूर्य म्हणजे ठिपका नाही, थाळी आहे, आपल्याला आकाशात ती साधारण अर्ध्या अंशाएवढी दिसते. त्या थाळीच्या वरच्या कडेकडून येणारं ऊन आणि खालच्या कडेकडून येणारं ऊन यांच्या दिशेत तेवढाच फरक असतो, त्यामुळे आरशावरून निघालेला झोत लांब जाता जाता पसरत जातो आणि शेवटी भिंतीवर जे पडतं ते आरशाचं नाही तर सूर्याचं चित्र असतं. कौलारू घरात फट कशीही वेडीवाकडी असली तरी जमिनीवर कवडसे गोलच पडतात ना, तीच गोष्ट.

हा पसरण्याचा हिशोब सोपा आहे, अंतराला १०७ ने भागा. एक किलोमीटरवर कवडसा सुमारे ९ मीटर रुंद होतो. पुण्यातल्या पर्वतीवरून सिंहगड सरळ रेषेत साधारण साडेसतरा किलोमीटर आहे, तिथे तो १६० मीटरच्या आसपास होईल. आरसा मोठा घेतला म्हणून हा पसारा वाढत नाही आणि लहान घेतला म्हणून कमी होत नाही, आरशाच्या आकाराने फरक पडतो तो उजेड किती प्रखर याचा.

पण एवढ्याशा आरशाचा उजेड इतक्या लांब दिसेलच कसा?

हा पहिला आक्षेप ग्रुपवरही आला होता आणि तो रास्त आहे, कारण आपण डोक्यात टॉर्च धरतो. टॉर्चचा उजेड लांबून मिणमिणता दिसतो. आरशाचं तसं नाही. त्या १६० मीटरच्या गोलात जो उभा आहे त्याला त्या आरशात प्रत्यक्ष सूर्य दिसतो, सूर्याचा एक बारीकसा तुकडा, पण सूर्यच. एक्सप्रेसवेवर घाटात खूप लांबच्या एखाद्या गाडीची काच अचानक डोळ्यात चमकते, गाडीचा रंग कळत नाही, गाडी आहे हेही कळत नाही पण काच टोचते, ते हेच. ब्रिटिश फौजेत सर्रास वापरात असलेला आरसा पाच इंची होता, म्हणजे खायच्या ताटलीपेक्षा लहान, आणि पन्नास किलोमीटरवरून त्याची चमक शुक्राच्या चांदणीपेक्षा कितीतरी पट जास्त भरते. तेव्हाचा ढोबळ नियम असा होता की आरशाच्या दर इंचामागे दहा मैल धरायचे, म्हणजे पाच इंचांना पन्नास मैल. नुसत्या डोळ्याने तीसेक मैल, ४८ किलोमीटरच्या आसपास, आरामात. म्हणजे फॉरवर्डमधला पन्नास मैलांचा आकडा थाप नाही.

आणि विक्रम ऐकलात तर थक्क व्हाल. १८९४ च्या सप्टेंबरात अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागाने युटामधल्या माउंट एलनवरून कोलोरॅडोमधल्या माउंट अनकंपाग्रेवर आठ इंची चौकोनी आरशांनी निरोप पोचवले, अंतर १८३ मैल, म्हणजे जवळपास २९५ किलोमीटर. पुण्यातून सरळ रेषेत मोजलं तर साधारण सावंतवाडी.

मग अवघड काय आहे? नेम!

माझ्या मते या यंत्राची सगळी हुशारी इथे आहे आणि नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही. कवडसा पाडणं सोपं आहे, पण आपला कवडसा कुठे पडतोय हे लांबवर दिसतच नाही. समोरच्या भिंतीवर असताना तो हलवत हलवत हव्या त्या जागी नेता येतो, पण सिंहगडावर तो पडला की नाही हे पर्वतीवर उभ्या माणसाला कळायला काहीच मार्ग नाही. अशी कल्पना करा की लांबवर एक कुंडी आहे, कुंडी दिसतेय, तुमच्या हातात पाण्याचा पाइप आहे पण पाणी अदृश्य आहे, ते कुठे पडतंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि वर पाइपाचं तोंड आपोआप हळूहळू सरकतंय. सरकतंय कारण सूर्य थांबत नाही. तो दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो, म्हणजे आरसा खिळवून ठेवला तर नेमका लावलेला कवडसाही एखाद्या मिनिटात सिंहगड सोडून दुसरीकडे जाणार. त्यात आरसा एक अंश हलला की झोत दोन अंश हलतो. आणि १६० मीटर ऐकायला मोठं वाटतं पण पर्वतीवरून बघितलं तर ते पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसेल, त्याहून मोठं नाही.

लांबून चमक दिसते हे माणसाला खूप आधीपासून माहीत होतं. जर्मन गणिती गाउस याला जमिनीची मोजणी करताना हॅम्बुर्गच्या एका चर्चच्या खिडकीवरचं ऊन कित्येक मैलांवरून चमकताना दिसलं आणि त्यातून त्याने १८२१ मध्ये हेलिओट्रोप नावाचं उपकरण काढलं. पुढे आपल्याकडे जॉर्ज एव्हरेस्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी केली तेव्हाही लांबच्या टेकडीवरची खूण दिसावी म्हणून अशाच आरशांचा उपयोग झाला. पण ती नुसती स्थिर चमक होती, "मी इथे आहे" एवढंच सांगणारी. तिला बोलतं केलं हेन्री मॅन्सने, १८६९ मध्ये. हा माणूस इराणच्या आखातातल्या तारखात्यात कराचीला नोकरीला होता, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे पुणं आणि कराची एकाच सरकारच्या कारभारात. त्यामुळे ही वस्तू विलायतेत बसून काढलेली नाही, आपल्याच बाजूच्या उन्हात जन्मली असं म्हणायला हरकत नाही.

मॅन्सची युक्ती अशी. आरशाच्या बरोबर मध्यावर पाऱ्याचा मुलामा नसलेला एक बारीक ठिपका. त्या ठिपक्यातून मागून डोळा लावून बघायचं आणि आरशासमोरच्या दांडीवर जी छोटीशी खूण असते ती लांबच्या ठाण्याच्या बरोबर रेषेत आणायची. म्हणजे डोळा, खूण आणि सिंहगड एका ओळीत. आता ठिपक्यावर मुलामा नाही म्हणजे तिथून ऊन परतत नाही, त्यामुळे कवडशाच्या मधोमध एक काळा डाग पडतो. आरसा फिरवत फिरवत तो काळा डाग त्या खुणेवर आणून बसवायचा. डाग खुणेवर बसला की कवडशाचा मध्य सिंहगडावर आहे, बघायची गरजच नाही. सूर्य सरकला की डागही खुणेवरून सरकायला लागतो, तो दिसतो, मग स्क्रू किंचित फिरवून परत जागेवर. वीस किलोमीटरवरची न दिसणारी गोष्ट त्याने वीतभर अंतरावर आणून दाखवली. मला ही कल्पना इतकी सुंदर वाटते की जुन्या बाजारात त्या पीससमोर मी बराच वेळ तेच समजावत उभा होतो.

आम्ही करून बघितलं

हेलिओग्राफ नसेल तरी हे जमतं. एका हाताने तीन इंची आरसा डोळ्याजवळ धरायचा, दुसरा हात लांब करून दोन बोटांचा व्ही करायचा, व्हीच्या बेचक्यात समोरचं ठिकाण पकडायचं आणि मग कवडसा दोन्ही बोटांवर पाडून हळूच वरखाली हलवायचा. बोटं म्हणजे मॅन्सची खूण. जानेवारीतल्या एका रविवारी आमचा ट्रेकचा मित्र सिंहगडावर देवटाक्याच्या वरच्या बाजूला उभा राहिला आणि भाची आणि मी पर्वतीवर. सकाळी नऊला शहरावर धुरकट थर होता, गडाची नुसती कडा दिसत होती आणि काहीच जमेना. साडेदहाला हवा जरा मोकळी झाली, फोनवर "आता बघ, आता बघ" चाललंच होतं, आणि एकदम गडाच्या काळ्या रेघेवर एक टाचणीएवढा पांढरा ठिपका पेटला आणि विझला. भाची अशी काही ओरडली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. टीव्ही टॉवर कुठला ते आम्हाला नीट ओळखू येत नव्हतं, आणि तीन इंची आरसा दिसत होता.

टॉवरवरून आठवलं, सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर का आहे? त्याच कारणाने. मध्ये डोंगर नसावा, एकाला दुसरा सरळ दिसावा.

सूर्य पाठीमागे असेल तर?

हा अनुभव आम्हाला त्याच दिवशी आला. सिंहगडावरून पर्वती साधारण ईशान्येला आहे. सकाळी ऊन आग्नेयेकडून येत होतं तोवर मित्राचं ठीक चाललं, पण दुपारी चारला सूर्य नैऋत्येला गेला, म्हणजे त्याच्या पाठीमागे. आता आरसा इतका तिरपा धरावा लागला की उन्हासमोर त्याची नुसती कडच उरली आणि ठिपका अगदी मंद झाला. आमच्याकडून मात्र त्याच वेळी झकास जात होतं कारण आम्हाला सूर्य समोर होता. मॅन्सच्या यंत्रात यावर उपाय म्हणून दुसरा आरसा असतो, पाठीमागचं ऊन आधी त्याच्यावर घ्यायचं, त्याने ते मुख्य आरशावर टाकायचं आणि मग पुढे. उजेड थोडा कमी होतो पण दिशेची अडचण संपते.

चमकेचं अक्षर कसं होतं?

तारेची कट्ट-कडकट्ट भाषा, म्हणजे मोर्स कोड. छोटी चमक म्हणजे टिंब, लांब चमक म्हणजे रेघ, आणि टिंबं-रेघांच्या जुळणीतून एकेक अक्षर. यंत्राच्या मागे एक छोटी दांडी असते, ती दाबली की आरसा केसभर कलतो आणि कवडसा समोरच्या ठाण्यावर जाऊन पडतो, सोडली की बाजूला. अमेरिकन पद्धत जरा वेगळी, त्यांनी आरसा न हलवता पुढे खिडकीच्या झडपांसारखा पडदा लावला आणि तो उघडझाप केला. वेग मिनिटाला आठ-दहा शब्द. एक माणूस पाठवणार, दुसरा दुर्बिणीतून समोरचं उत्तर वाचणार आणि अजून एक लिहून घेणार अशी वाटणी सोयीची पडायची.

आता तो किल्ल्यांचा मुद्दा. तानाजीने कोंढाणा घेतला तेव्हा गडावर आग लावली आणि तिचा उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला असं बखर सांगते. विशाळगडावर पोचल्याची खूण म्हणून तोफांचे आवाज केल्याची आठवण तर घराघरात सांगतात. हे संदेशच आहेत आणि उत्तम आहेत, पण त्यात अर्थ आधी ठरवून ठेवावा लागतो. आग दिसली म्हणजे गड घेतला, बस. "गड घेतला पण तानाजी पडला" हे ती आग सांगू शकत नाही. हेलिओग्राफवर आधी न ठरवलेलं कुठलंही वाक्य जातं, नावासकट, आकड्यासकट. म्हणून "आपल्याकडे होतंच" याला माझं उत्तर असं आहे की डोंगरावरून डोंगरावर खूण करायची अक्कल आपल्याकडे होतीच, पण ही वेगळी पायरी आहे आणि ती वेगळी म्हणून मान्य करण्यात आपल्या इतिहासाला काही कमीपणा येत नाही.

ढग आले की सगळं बंद?

हो, बंद. याला काही उत्तर नाही आणि ते लपवायचं कारणही नाही. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात लेडीस्मिथला वेढा पडला होता, १८९९ च्या नोव्हेंबरपासून १९०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, आत अडकलेल्या ब्रिटिश फौजेचा बाहेरच्या फौजेशी संपर्क बराचसा आरशांवर होता. ६ जानेवारी १९०० ला गावावर मोठा हल्ला झाला आणि ऐन लढाईत आभाळ भरून आलं, आत काय चाललंय हे बाहेर कळेनासं झालं. बाहेरच्यांनी ते तास कसे काढले असतील. आपल्या पुण्यात म्हणाल तर नोव्हेंबर ते मे हे यंत्र राजासारखं चाललं असतं आणि जून ते सप्टेंबर पेटीत पडून राहिलं असतं. रात्री रॉकेलचे सिग्नलचे दिवे वापरायचे पण त्यांचा पल्ला फारच कमी.

शत्रूलाही दिसणार नाही का?

इथे मात्र हेलिओग्राफ रेडिओच्याही पुढे आहे. रेडिओ म्हणजे लाउडस्पीकर, ज्याच्याकडे रिसीव्हर त्याला ऐकू येणार. कवडसा म्हणजे कानात बोलणं. त्या १६० मीटरच्या गोलात जो नाही त्याला काहीही दिसत नाही, शेजारच्या टेकडीवरच्याला पत्ताही लागत नाही. वायर नाही म्हणजे कापायला काही नाही. अफगाणिस्तानात तारेचे खांब टोळीवाले उपटून टाकायचे, म्हणूनच १८७८ ते ८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात हे यंत्र इतकं उपयोगी पडलं. ऑगस्ट १८८० मध्ये काबूलहून कंदाहारच्या सुटकेसाठी निघालेल्या ब्रिटिश सेनापती रॉबर्ट्सच्या फौजेने कंदाहारशी आरशाने संपर्क साधला. त्या कंदाहारात मैवंदच्या लढाईतून वाचून आलेले मुंबई लष्कराचे शिपाईही होते, त्यांना ती डोंगरावरची चमक काय वाटली असेल याचा विचार करून बघा.

सारागढीचा आरसा

सारागढीची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे पण तिथे ठाणं होतंच कशाला हे फार कमी सांगितलं जातं. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर समाना डोंगररांगेत फोर्ट लॉकहार्ट आणि फोर्ट गुलिस्तान असे दोन किल्ले, अंतर काही मैलच, पण मध्ये डोंगर, एकमेकांना दिसत नाहीत. आणि आरशाला दिसणं लागतं. म्हणून मधल्या उंचवट्यावर, जिथून दोन्ही दिसतात, सारागढी. एकाचा निरोप घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, आजच्या भाषेत रिपीटर. १२ सप्टेंबर १८९७ ला हजारोंच्या जमावाने ते ठाणं घेरलं, आत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जण, हवालदार ईशर सिंग त्यांचे प्रमुख. सिग्नलवर गुरमुख सिंग. लढाईची हकीकत तो मिनिटामिनिटाला लॉकहार्टवर कर्नल हॉटनला कळवत राहिला. शेवटी त्याने यंत्र बंद करून रायफल उचलायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि त्याने हेलिओग्राफ व्यवस्थित त्याच्या चामडी पेटीत ठेवला आणि मग लढायला गेला. त्या लढाईत काय झालं हे आज आपल्याला इतकं तपशीलवार माहीत आहे ते त्या कवडशामुळे, कारण सांगायला आतलं कुणी उरलं नाही.

आता याचा काय उपयोग?

लष्करात रेडिओ आला तरी हेलिओग्राफ लगेच गेला नाही, दुसऱ्या महायुद्धातही आफ्रिकेच्या वाळवंटात तो होता. आजही समुद्री जहाजांच्या लाइफराफ्टमध्ये सिग्नलचा आरसा ठेवणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे, कारण त्याची बॅटरी संपत नाही. सह्याद्रीत एकटंदुकटं फिरणाऱ्यांनी सॅकमध्ये एक ठेवावा असं मी मनापासून सांगेन, दरीत रेंज नसते पण ऊन बऱ्याचदा असतं.

आणि मूळ कल्पना तर उलट वाढलीये. ग्रॅहम बेलने १८८० मध्ये आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून ऊन पाठवून २१३ मीटरवर चक्क बोलणं ऐकवलं, फॉरवर्डमधलं "सोलर टेलिफोन" हे नाव खरं शोभतं ते त्याला. डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या सायकी यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेझरने एका मांजराचा व्हिडिओ पृथ्वीवर पाठवला, सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने. कवडशाच्या जागी लेझर आला, बोटाच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स, पण तिथल्या इंजिनिअरांपुढचा प्रश्न कराचीच्या मॅन्सचाच होता, इतक्या लांब नेम कसा धरायचा आणि धरून कसा ठेवायचा. आणि ढग त्यांनाही आडवे येतात.

जुन्या बाजारातला तो पीस

ग्रुपवर दोघांनी विचारलंय की घ्यावा का. बाजारात शोभेच्या पितळी नकला पुष्कळ आहेत, चकचकीत असतात. चार गोष्टी हाताने तपासा. आरशाच्या मध्यावर मुलामा नसलेला ठिपका आहे का, मागची दांडी दाबल्यावर आरसा खरंच किंचित कलून परत येतो का, आडवा आणि उभा फिरवायचे दोन्ही स्क्रू सावकाश फिरतात का, आणि पुढच्या दांडीवर खूण बसते का. मी बघितलेल्या पीसची चौकट आणि स्क्रू चांगले होते, दांडीही दाबली जात होती, पण आरसा साधा नवा बसवलेला, ठिपका नाही. म्हणजे चमकेल, पण नेम लागणार नाही.

एक विनंती आहे. मुलांना हा खेळ जरूर दाखवा पण रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि लोहगावकडे उतरणाऱ्या विमानांवर कवडसा चुकूनही पाडू देऊ नका, आणि आरशात सूर्याकडे बघू देऊ नका. भाचीने मोर्समधलं तिचं नाव पाठ केलंय. पाऊस उघडला की ऑक्टोबरात ती सिंहगडावर आणि मी पर्वतीवर, या वेळी फोन बंद ठेवून.